निकोडेमस: आधी पांढरी गेली, मग काळी

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या निकोडेमस गावाची गोष्ट जिथे तिथे एकाच ओळीत सांगतात, की गुलामीतून सुटलेल्या लोकांनी गाव वसवलं, रेल्वे सहा मैल बाजूने गेली, गाव मेलं. मला ही ओळ कधीच पटली नाही. ती खोटी नाहीये, पण अर्धी आहे. रेल्वे चुकली १८८८ ला आणि गाव खरं रिकामं झालं १९३० नंतर, मग मधली चाळीस-पंचेचाळीस वर्षं तिथे लोक काय करत होते? शेती करत होते. त्या चाळीस वर्षांचा हिशोब कुणी मांडत नाही, म्हणून हे सगळं प्रकरण जरा सविस्तर लिहितोय.

मराठीत दोन जुने शब्द आहेत, पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, घरं, दुकानं, देऊळ, बाजार. काळी म्हणजे शेतजमीन. या गावातले लोक कृष्णवर्णीय होते, त्यामुळे घोळ नको म्हणून आधीच सांगतो, इथे माणसांच्या रंगाचा काही संबंध नाही, फक्त वस्ती आणि शेत एवढाच अर्थ घ्यायचा. हे दोन शब्द वेगळे धरले तर निकोडेमसचं प्रकरण नीट उलगडतं, नाहीतर सगळा दोष रेल्वेवर ढकलून आपण मोकळे होतो.

सुरुवात १८७७ ची. यादवी युद्ध संपून बारा वर्षं झाली होती. केंटकीत गुलामी कायद्याने संपली ती १८६५ च्या डिसेंबरमध्ये, म्हणजे जे लोक कॅन्ससला निघाले त्यातल्या मोठ्या माणसांचा जन्मच दुसऱ्याची मालमत्ता म्हणून झालेला. सुटका झाली पण जमीन मिळाली नाही, जमीन जुन्या मालकांचीच राहिली, मग त्याच शेतात वाट्याने राबायचं आणि वर्षाच्या शेवटी उधारी फिटायची नाही, शिवाय मारहाण आणि जाळपोळीची धास्ती कायमची. अशात १८६२ चा होमस्टेड कायदा होता, की सरकारी पडीक जमिनीवर जाऊन पाच वर्षं राहा, कसा, आणि १६० एकर तुमचे. फक्त दाखल करायची किरकोळ फी. ज्याच्या बापाला स्वतःच्या अंगावरही हक्क नव्हता त्याला १६० एकर म्हणजे काय वाटलं असेल याची कल्पना करून बघा.

डब्ल्यू. आर. हिल नावाचा एक गोरा जमीन-प्रवर्तक आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय पाद्री, या दोघांनी मिळून निकोडेमस टाउन कंपनी काढली. केंटकीत लेक्सिंग्टनकडे हँडबिलं वाटली गेली, पाच डॉलरमध्ये कॅन्ससला चला, ५ सप्टेंबर १८७७ ला निघायचं. चर्चमधून प्रचार झाला. सुपीक जमीन, भरपूर पाणी, लाकूडफाटा, शिकार असं रंगवून सांगितलं होतं. तीनशेच्या वर माणसं रेल्वेने एलिस स्टेशनपर्यंत आली आणि तिथून पस्तीस मैल, म्हणजे साधारण छप्पन्न किलोमीटर, सामान गाड्यांवर आणि बरेचसे पायी, माळरानातून.

पोचल्यावर काय दिसलं, तर काहीच नाही. गवत. नदीकाठची थोडी झाडं सोडली तर लाकूड नाही, म्हणजे घर बांधायला नाही आणि जाळायलाही नाही. जे आधी आले होते ते जमिनीत खणून राहत होते, वर गवताच्या ढेकळांचं छप्पर, एक धुराडं. पुढच्या वसंतात विलियाना हिकमन नावाची बाई नवऱ्याबरोबर आली, वाटेत गोवराची साथ आली होती, तिच्या जथ्थ्यातली पोरं दगावली होती, आणि गाव दिसलं म्हणून सगळे ओरडायला लागले तेव्हा तिने विचारलं की कुठेय, मला तर दिसत नाही. नवऱ्याने जमिनीतून निघणारा धूर दाखवला, ते बघ निकोडेमस. ती रडायला लागली. हे तिनेच पुढे सांगितलेलं आहे आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणात एवढं खरं वाक्य दुसरं नाही.

काही कुटुंबं लगेच परत फिरली. हिलवर लोक एवढे भडकले की त्याला लपून बसावं लागलं असं सांगतात. जे राहिले त्यांच्याकडे नांगर नाहीत, बैल नाहीत, सगळ्या वसाहतीत घोडे मोजून तीन. पहिला हिवाळा कसा काढला, तर शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांनी मांस दिलं हे गावात पिढ्यानपिढ्या सांगत आलेत, आणि बाकी पूर्व कॅन्ससमधून मागून आणलेला दाणागोटा. सरपण म्हणून शेणकुटं आणि सूर्यफुलाची धाटं. वसंतात फावडी आणि कुदळींनी जमीन फोडायला घेतली. ज्यांनी माळ फोडलाय त्यांनाच कळेल हे, हजारो वर्षांचं गवत, मुळांचा वीतभर जाड गालिचा, नांगराच्या फाळाला जुमानत नाही तिथे कुदळीने किती होणार, कुणाचा एकर झाला कुणाचे दोन-तीन.

आता चढण कशी झाली ते बघा, कारण घसरण समजायला ती लागते. एक म्हणजे मजुरी. पुरुष पूर्वेकडे जाऊन, रेल्वेच्या कामावर, गोऱ्या शेतकऱ्यांकडे हंगामी काम करून पैसा आणायचे आणि मागे बायका-पोरं जमिनीवर टिकून राहायची, म्हणजे पाच वर्षांची अट मोडायची नाही. दुसरं म्हणजे संस्था लगेच उभ्या राहिल्या. जेनी फ्लेचरने पहिल्याच वर्षी जमिनीतल्या घरात पोरांना शिकवायला सुरुवात केली, तिचा नवरा झकरी फ्लेचर पोस्टमास्तर झाला, दुकान काढलं, पुढे सेंट फ्रान्सिस हॉटेल. आणि तिसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, १८७९ ला या लोकांनी बाहेरची मदत गोळा करणं स्वतःहून थांबवलं. अजून पोट भरायची मारामार होती तरी ठरवलं की भीक मागणारं गाव अशी ओळख नको.

१८८० पर्यंत गावात आणि आजूबाजूच्या शेतांत मिळून पाचशेच्या घरात लोक. ग्रॅहम काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्ह्याची, रचना झाली तेव्हा गव्हर्नरने काउंटी क्लार्क नेमला तो निकोडेमसचा एडवर्ड मॅकेब, आणि १८८२ ला तोच माणूस कॅन्ससचा राज्य ऑडिटर म्हणून निवडून आला. राज्यभरातून मतदान होऊन कृष्णवर्णीय माणूस कॅन्ससमध्ये निवडून यायची ती पहिली वेळ. दोनदा निवडून आला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात पाऊस बरा झाला, पीक बरं आलं, आणि ढेकळांच्या घरांऐवजी चुनखडी दगडाची घरं उभी राहिली, चर्च, हॉटेलं, किराणा दुकानं, औषधाचं दुकान, बँक. १८८६ ला वेस्टर्न सायक्लोन हे वर्तमानपत्र, १८८७ ला निकोडेमस एंटरप्राइज हे दुसरं. एवढ्याशा गावात दोन वर्तमानपत्रं, आणि दोघांचा मुख्य विषय एकच, रेल्वे कधी येणार.

रेल्वेचा जुगार

त्या काळात त्या माळरानावर गाव टिकणार की नाही हे रेल्वे ठरवायची हे सगळ्यांना माहीत होतं. गहू जड माल आहे, घोडागाडीने दिवसभर वाहून नेला तर त्यातला नफा वाटेतच संपतो, परत येताना कोळसा, लाकूड, लोखंड आणायचं तेही तसंच. त्यामुळे ज्या गावात स्टेशन तिथे वखार, तिथे व्यापारी, तिथे बँक. मार्च १८८७ मध्ये निकोडेमसच्या लोकांनी मिसूरी पॅसिफिक रेल्वेसाठी १६,००० डॉलरचे बाँड मंजूर केले, मतदान करून. माणशी साधारण तीसेक डॉलर पडतात हो, तान्ह्या मुलासकट, आणि हे ते लोक ज्यांना दहा वर्षांपूर्वी पाच डॉलरची हँडबिलं दाखवून आणलं होतं. याला मी मूर्खपणा म्हणणार नाही. आजूबाजूची सगळी गावं हेच करत होती, रेल्वे कंपन्या गावांना एकमेकांविरुद्ध झुंजवायच्या, जो जास्त देईल त्याच्याकडे आम्ही. न देणं हाही पर्याय नव्हताच.

मिसूरी पॅसिफिक आली नाही. १८८८ ला युनियन पॅसिफिकने लाइन टाकली, पण सॉलोमन नदीच्या दक्षिणेकडून, निकोडेमसपासून सहा मैलांवर. तिथे रेल्वेच्या कामगारांचा तळ होता त्याचं बोग नावाचं गाव झालं. मग जे व्हायचं ते झालं, आणि फार पटकन झालं. दुकानदार निघाले. काहींनी तर अख्खी दुकानं उचलून नदीपलीकडे नेली, लाकडी इमारत ओढून न्यायची आणि तिकडे ठेवायची. जाऊ नका म्हणून पेपरने विनवण्या केल्या पण थोड्याच दिवसांत पेपरही बंद. म्हणजे जे उभं करायला दहा वर्षं लागली ते साधारण एका हंगामात हललं.

इथे बहुतेक जण गोष्ट संपवतात. पण जरा थांबा आणि शेतकऱ्याच्या बाजूने बघा. पहिल्या वर्षांत त्याचं स्टेशन पस्तीस मैलांवर होतं, आता ते सहा मैलांवर आलं. गहू भरून सकाळी निघाला तर दुपारी घरी. गावात स्टेशन आलं असतं तर आणखी बरं झालं असतं, पण शेतकऱ्यासाठी १८८८ हे नुकसानीचं वर्ष नाहीये, उलट माल बाजाराच्या जवळ आला! नुकसान झालं ते दुकानदाराचं, हॉटेलवाल्याचं, प्लॉट विकत घेऊन भाव चढायची वाट बघणाऱ्याचं. पांढरी गेली, काळी राहिली. आणि काळी नुसती राहिली नाही तर पुढे चाळीस वर्षं तिने माणसं धरून ठेवली, १९०७ ला बॅप्टिस्ट चर्चची नवी इमारत झाली, १९१८ ला नवी शाळा बांधली. मेलेल्या गावात कुणी शाळा बांधतं का? एकच वस्तू एकाला मारते आणि दुसऱ्याला हात देते, आणि दोघं एकाच गावचे असतात, हे लक्षात न घेता गाव बुडालं म्हणणं मला घाईचं वाटतं.

तरी एक नुकसान असं झालं की जे तेव्हा दिसलं नाही. दुकानदारांबरोबर पैसा आणि पुढारपण दोन्ही गेलं. मॅकेब तर आधीच मोठ्या राजकारणात गेलेला, पुढे ओक्लाहोमात जाऊन १८९० ला लँगस्टन नावाचं दुसरं गाव वसवायच्या मागे लागला. जमीन-प्रवर्तक हिलचं नाव लागलेलं हिल सिटी पश्चिमेला डझनभर मैलांवर वाढलं आणि काउंटीचं मुख्यालय झालं, म्हणजे कचेरी तिकडे, कोर्ट तिकडे. निकोडेमसचा शेतकरी आता कर्जाला, सामानाला, कागदाला, प्रत्येक गोष्टीला दुसऱ्याच्या गावात जाणारा माणूस झाला, आणि तिथले हिशोब लिहिणारे त्याचे कोणी नव्हते. चांगल्या वर्षात हे चालून जातं. वाईट वर्ष आलं की कळतं, कारण वाईट वर्षात आपल्या गावातला दुकानदार उधारीसाठी थांबतो, परक्या गावातला थांबेलच असं नाही.

१६० एकरांचं गणित

खरी दुखणी जमिनीत होती आणि ती पहिल्या दिवसापासून होती. निकोडेमस जवळपास शंभराव्या रेखांशावर येतं. त्या पट्ट्यात पाऊस साधारण वीस इंच, तोही सरासरी, म्हणजे एका वर्षी पंचवीस तर पुढची दोन वर्षं चौदा-पंधरा. १६० एकरांचा आकडा काढणाऱ्यांच्या डोळ्यासमोर पूर्वेकडची ओली जमीन होती. तिथे १६० एकरांवर कुटुंब आरामात जगतं. इथे नाही. जॉन वेस्ली पॉवेल या भूगर्भशास्त्रज्ञाने १८७८ मध्येच सरकारला कोरड्या प्रदेशांविषयी अहवाल दिला होता, की इथे पाण्याशिवाय १६० एकर पुरणार नाहीत, चराईवर जगायचं तर कुटुंबाला २,५६० एकर लागतील. हा अहवाल आला त्याच वर्षी निकोडेमसचे लोक कुदळीने पहिलं पीक घेत होते. ऐकलं कुणी नाही, उलट जमीन नांगरली की पाऊस मागोमाग येतो असं तेव्हा छातीठोक सांगितलं जायचं, आणि ऐंशीच्या दशकात योगायोगाने पाऊस बरा पडला त्यामुळे लोकांना ते खरंही वाटलं.

नव्वदच्या दशकात दुष्काळाने तो भ्रम उतरवला. गोरी गावंही तेव्हा भराभर रिकामी झाली, हे फक्त निकोडेमसचं दुखणं नव्हतं. पण जे तगले त्यांना पुढे बरे दिवस आले, हिवाळी गव्हाचा टर्की रेड वाण तिकडे रुळला होता, रशियातून आलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १८७४ मध्ये कॅन्ससला आणलेला, शरदात पेरायचा आणि कडक उन्हाळ्याआधी कापायचा, कोरडवाहूला अगदी बरोब्बर. पहिल्या महायुद्धात सरकारने गव्हाला बुशेलला (धान्य मोजायचं तिकडचं माप) दोन डॉलरच्या वर हमी दिली तेव्हा तर सगळ्या माळरानाने गवताचा शेवटचा तुकडा मोडून गहू लावला. ट्रॅक्टर आले, यंत्रं आली, कर्ज आलं.

आणि इथे गणित उलटलं. यंत्र परवडायला जमीन जास्त पाहिजे, जास्त जमीन घ्यायला कर्ज पाहिजे, कर्ज फेडायला भाव पाहिजे, आणि युद्ध संपल्यावर दोन-तीन वर्षांत भाव निम्म्यावर आला. त्यात १६० एकर वारसांमध्ये वाटले गेले तर प्रत्येकाच्या वाट्याला काय येणार, म्हणून एक मुलगा शेतीवर आणि बाकीचे टोपेका, डेन्व्हर किंवा जिथे काम मिळेल तिथे. १९३२ ला गहू बुशेलला चाळीस सेंटच्याही खाली गेला, कापणीचा खर्च निघेना, आणि त्याच वर्षापासून पाऊस गेला. माती उघडी, गवत नाही, वारा सुटला की शेतच आकाशात. १४ एप्रिल १९३५ चं सगळ्यात भयानक वादळ माळरानावर काळा रविवार म्हणून ओळखलं जातं. धुळीचा सगळ्यात वाईट मार दक्षिणेला नैऋत्य कॅन्ससमध्ये होता, पण दुष्काळ आणि भाव यांनी निकोडेमसलाही सोडलं नाही. १९३५ ला गावात ७६ माणसं उरली. १९५० ला १६. १९५३ ला पोस्ट बंद.

मला यात सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की १८८८ ला दुकानं गेली तेव्हा शेतीने गावाला धरलं होतं, पण १९३० नंतर शेती गेली तेव्हा तिला धरायला गाव शिल्लकच नव्हतं. बँक नाही, व्यापारी नाही, पेपर नाही, काउंटीच्या कचेरीत आपला माणूस नाही. दोन पायांवर उभ्या माणसाचा एक पाय गेला तरी तो काठी घेऊन चालतो. निकोडेमस चाळीस वर्षं तसं चाललं. त्यात कृष्णवर्णीय शेतकऱ्याला कर्ज देताना हात आखडायचा हे देशभर चालू होतं, आणि ते फक्त तेव्हाचं नाही, अमेरिकेच्या कृषी खात्यावर याच भेदभावाचा खटला होऊन १९९९ ला तडजोड झाली, म्हणजे किती उशिरा बघा.

कुणी म्हणेल की रेल्वे आली असती तर गाव वाचलं असतं. त्याचं उत्तर शोधायला लांब जायला नको, सहा मैलांवर बोग आहे. त्याला रेल्वे मिळाली, निकोडेमसची दुकानंही मिळाली, आणि आज तिथे लोकवस्ती दीडशेच्या आसपास. अख्ख्या ग्रॅहम काउंटीत २०२० च्या जनगणनेत अडीच हजारही माणसं नाहीत. जिंकलेलं गावही त्याच वाटेने गेलं, थोडं मागून. म्हणून मी रेल्वेला पहिला आरोपी मानत नाही. रेल्वेने पांढरी कधी जाणार ते ठरवलं, काळी जाणार हे १६० एकर आणि वीस इंच पावसाने आधीच ठरवून ठेवलं होतं.

मग एवढं सगळं दिसत असताना लोक तिथे का राहिले, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. व्यवहार बघितला तर १८८८ लाच उठायला हवं होतं, दुकानदारांसारखं. पण दुकानदाराकडे माल होता, तो हलवता येतो. शेतकऱ्याकडे होता स्वतःच्या नावाचा जमिनीचा कागद, आणि ज्याच्या आईबापाचं नाव कुणा मालकाच्या मालमत्तेच्या यादीत गुरांबरोबर लिहिलेलं असेल त्याला तो कागद सोडून उठ म्हणणं सोपं नाही. १९३० च्या दशकातसुद्धा, सगळं कोसळत असताना, १९३९ ला सरकारी रोजगार योजनेतून त्यांनी चुनखडी दगडाचा टाउनशिप हॉल बांधला. ७६ माणसांच्या गावात सभागृह. तो अजून उभा आहे, आणि त्याच्यासकट पाच इमारती, दोन चर्च, शाळा आणि फ्लेचरचं जुनं हॉटेल, १९९६ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जपल्या जातात.

जमिनीचा धागाही पूर्ण तुटलेला नाही. गावात जन्मलेला व्हेरिल स्विट्झर १९५४ ला ग्रीन बे पॅकर्सकडून व्यावसायिक फुटबॉल खेळला, नंतर बरीच वर्षं कॅन्सस स्टेट विद्यापीठात काम केलं, पण गावाकडची शेती सोडली नाही. मोजकी वंशज कुटुंबं आजही तिथे गहू पेरतात, १६० नाही तर कितीतरी जास्त एकरांवर, कारण त्याशिवाय जमतच नाही हे आता सगळ्यांना कळलंय.

आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सगळे परत येतात. आधी हा १ ऑगस्टचा गुलामी-मुक्तीचा सण होता, पन्नासच्या दशकात, म्हणजे गावात सोळा माणसं उरली त्या सुमारास, त्याचं होमकमिंग, म्हणजे घरी परतायचा सोहळा झाला. डेन्व्हरहून, टोपेकाहून, कॅलिफोर्नियाहून गाड्या येतात, मूठभर वस्तीच्या गावात शेकडो माणसं, मिरवणूक निघते, टाउनशिप हॉलमध्ये जेवणं होतात, म्हातारी माणसं पोरांना बाहेर नेऊन हात करून दाखवतात की आपलं डगआउट, म्हणजे जमिनीत खणलेलं घर, अमुक उतारावर होतं. तिथे आता गवत आहे, आणि पलीकडे दुसऱ्या कुणाचा गहू.